पिशवीला खोली नसते

हिंगोली,
दि. ९ ऑगस्ट २०२४

श्री. भीमराज कोंडीबा खिल्लारे यांस,
मु. पो. साखरा, ता. सेनगाव.

स. न. वि. वि.

तेहेतीस वर्षांनंतर हे हस्ताक्षर आपण ओळखाल की नाही याची खात्री नसल्याने प्रथम नाव लिहितो : मार्तंड गोविंद उमरीकर, निवृत्त मुख्य भूवैज्ञानिक. आपण साखऱ्यास परतलात, हे मला अलीकडेच कळले. मीही निवृत्तीनंतर हिंगोलीत स्थायिक झालो आहे.

विषय पूर्ण मांडतो. आपणांस तो ठाऊक असला, तरी अर्धवट पत्र लिहिण्याची मला सवय नाही.

गुजरातमधील आपले जुने तेलक्षेत्र आता थकले आहे. शंभर भाग द्रव वर आला, तर त्यात त्र्याण्णव भाग पाणी असते. वाळूच्या थरांतील तेल संपत आल्यामुळे कंपनीतील तरुण मंडळींचे लक्ष त्याखालच्या काळ्या खडकाकडे, म्हणजे आपण ज्याला 'ट्रॅप' म्हणत असू त्याकडे, गेले आहे. तो लागला की आपण वेधन थांबवीत होतो. एवढ्या घट्ट खडकात तेल राहणार कोठे, असा आपला समज होता. या मंडळींचे म्हणणे असे, की खडक घट्ट असला तरी त्याच्या भेगांत तेल असू शकते आणि या क्षेत्रात ते दुर्लक्षित राहिले आहे.

ट्रॅपमधून नऊ मीटर कोअर, म्हणजे खडकाचा सलग गोल गाभा, काढली गेली, अशी विहीर एकच : क्रमांक ३१. अनुश्री नावाच्या अभियंत्या मुलीने फायलींतून माझा १९९१ चा अहवाल शोधून मला फोन केला. त्या विहिरीत पुन्हा उतरून, पोलादी नळीला भेगांच्या खोलीवर छिद्रे पाडून पाहण्यास एकच प्रयत्न मंजूर झाला आहे. तेल आले तर आणखी चार जुन्या विहिरी उघडल्या जातील. न आल्यास ट्रॅपचा विषय कायमचा बंद होईल.

कोअर काढताना रिगवर आपण होता, मी छावणीच्या कार्यालयात होतो. वेधन करताना विहिरीत फिरविला जाणारा चिखल भेगांत गळू लागला तो नेमका कोणत्या खोलीवर, याची नोंद आपल्या खिशातील डायरीत असावी. ती कळविल्यास उपकृत होईन. पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले आहे.

आपला,
मा. गो. उमरीकर


हिंगोली,
दि. ५ सप्टेंबर २०२४

श्री. भीमराज खिल्लारे यांस,
स. न. वि. वि.

सत्तावीस दिवस झाले. साखऱ्यास पत्र चार दिवसांत पोहोचते, असे पोस्टमास्तरांनी मला सांगितले आहे. तेव्हा आपण उत्तर देऊ इच्छीत नाही, असाच निष्कर्ष निघतो.

मागील पत्रात एक बाब सांगावयाची राहिली. राहिली, म्हणजे मीच ती राहू दिली. माझ्या अहवालातील ज्या वाक्यामुळे अनुश्री माझ्यापर्यंत आली, ते असे : "कोअरचा न मिळालेला, तळाकडील भाग भग्न असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तथापि चाचणीची शिफारस करता येत नाही." फोनवर तिने विचारले, "सर, १९९१ सालीच तुम्हांला भेगांचा संशय आला होता?"

मी "हो" म्हणालो.

ती इतकी आनंदली, की पुढे काही बोलणे मला अवघड झाले. तिच्या प्रस्तावात आता माझे नाव आहे. मूळ टिपण आपले होते, हे मी विसरलेलो नाही. योग्य वेळी मी ते सांगेनच. परंतु त्यासाठी आधी विहीर यशस्वी व्हावी लागेल आणि ती व्हावयाची, तर खोली अचूक हवी. छिद्रे पाडण्याचा दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरला आहे. माझ्याकडून खोलीचा आकडा तिला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हवा आहे.

व्यक्तिगत कटुता तांत्रिक कामाच्या आड येऊ नये, एवढेच सुचवितो.

आपला,
मा. गो. उमरीकर


हिंगोली,
दि. २३ सप्टेंबर २०२४

श्री. भीमराज यांस,

काल मी तुमच्या दारात येऊन गेलो. भिंतीपलीकडून तुम्ही सारे ऐकले असेल. तरीही लिहितो, कारण तुम्ही जे ऐकले नाही तेही सांगावयाचे आहे.

सेनगावपर्यंत एसटी होती, पुढे जीप. चालक गुलाबसिंग याने विचारले, "साखऱ्याला कोनाकडं, बाबा?" तुमचे नाव सांगताच तो म्हणाला, "बोरचा पॉइंट काढायचा असंल." मी नाही म्हणालो. "मंग काहून चालले? भीमराजदादाकडं बिनपान्याचा मानूस जातो व्हय कदी!" सारी जीप हसली.

माझ्या शेजारी सखुबाई नावाच्या वृद्धा बसल्या होत्या. त्यांनी मला ऐकविले, "आमच्या वावरात तीन जागी त्यांनी न्हाई म्हनलं. पोरगं चिडलं, म्हनलं पैसे घेऊन न्हाई म्हनता का! चौथ्या जागी म्हनले, हितं फोडा. दोनशे दहा फुटावर लागलं बगा."

"नारळ हातावर धरून फिरतात का?" मी विचारले.

"नारळ कशाचा! हातोडी घिऊन जुन्या विहिरीत उतरतात. खडकाची चीर कोनीकडं चालली ते बगतात. म्हातारं झालं तरी उतरून राहिले, बायको बोंबलती वरून."

गाडीभर पुन्हा हशा झाला. मी मात्र खिडकीतून पिवळ्या पडू लागलेल्या सोयाबीनकडे पाहत राहिलो. या मातीखाली तोच काळा खडक आहे. त्याच्या भेगा वाचून तुम्ही तीस वर्षे लोकांना पाणी देत आहात, आणि मी त्याच जिल्ह्यात बसून वर्तमानपत्रांतील चुका तांबड्या शाईने दुरुस्त करीत आहे. तुम्ही साखऱ्यास आहात हे मला 'अलीकडेच' कळले, असे पहिल्या पत्रात लिहिले होते. ते खरे नव्हते. मला ते बावीस वर्षांपासून ठाऊक आहे.

करुणाबाईंनी मला लगेच ओळखले. "उमरीकर साहेब ना तुमी? बसा." तांब्या-पेला पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "क्वार्टरात आले होते एकदा, तवा म्हनले होते तहान न्हाई. आता हाय का?"

मी पाणी प्यालो. पेला रिकामा होईपर्यंत त्या पाहत होत्या.

"हे घरातच हायेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही पत्रं वाचले त्यांनी. बाहीर येणार न्हाईत."

मी म्हणालो, की काम केवळ एका आकड्याचे आहे.

"आकडा डायरीत हाय. डायरी पेटीत हाय. किल्ली माझ्याजवळ हाय. मला एक कागद पाहिजे, तुमच्या हातचा. का तवा ह्यांनी लिहिलं ते बराबर होतं, अन् तुमी ते खोडलं. तुमच्या कंपनीला पाठवा अन् त्याची झेराक्स हितं आना. डायरी घेऊन जा."

तुमची कन्या ज्योती मध्ये पडली, "आई, पाहुण्याला असं बोलतात का?"

"पाहुना? ह्या पाहुन्यानं तुझ्या बापाला दोन वर्सं स्टोअरात बसवलं, नट-बोल्ट मोजत. त्या तकलीफीनं नोकरी सोडली त्यांनी. तू पोटात होतीस."

आतून तुमच्या खोकल्याचा आवाज आला. तेहेतीस वर्षांनी मी तुमचा आवाज ऐकला, तो एवढाच. "विचार करून कळवितो," असे म्हणून मी उठलो. गुलाबसिंगाची जीप परत जाण्यास तासभर अवकाश होता. तो तास मी रस्त्यावर उभा राहून काढला.

त्या कागदाचा मसुदा मी करीत आहे.

मा. गो. उमरीकर


हिंगोली,
दि. १७ ऑक्टोबर २०२४

श्री. भीमराज खिल्लारे यांस,
स. न. वि. वि.

आपणांस कळविण्यात येते, की विहीर क्रमांक ३१ साठी मी अनुश्रीस १८१३ ते १८१७ मीटर ही खोली काल लेखी कळविली आहे. ही माझ्या १९९१ च्या अहवालातील अधिकृत खोली होय.

आपणाकडून कोणतीही माहिती न मिळाल्यामुळे मला दुसरा मार्ग नव्हता. आपण काही पाठविले असल्यास ते मला पोहोचलेले नाही. टपालाचा कारभार पूर्वीसारखा राहिलेला नाही.

ही खोली कशी ठरली, हे आपणांस ठाऊक आहेच. कोअर १८०८ पासून १८१७ पर्यंत कापली गेली. नऊ मीटरपैकी पाच मीटर अखंड खडक हाती आला, चार मीटर आला नाही. भेगांनी फुटलेला खडक कोअर कापणाऱ्या नळीत टिकत नाही, तेव्हा जो आला नाही तोच भग्न भाग, इतके उघड आहे. तो नऊ मीटरांत नेमका कोठे होता हे कळत नसेल, तर मिळालेला खडक वरच्या बाजूस दाखवावा आणि न मिळालेला तळाशी धरावा, असा सर्वमान्य नियम आहे. मी नियम पाळला. आपण त्या वेळी कोअरसोबत एका कापडी पिशवीत खडकाचे तुकडे पाठविले होते आणि ते वरच्या भागाचे असल्याचे टिपणात म्हटले होते. "पिशवीला खोली नसते," हे माझे तेव्हाचे शब्द होते. त्यांत मला आजही दोष दिसत नाही.

कागदाचे सात मसुदे झाले. एकही पाठविण्यायोग्य उतरला नाही.

आपला,
मा. गो. उमरीकर


हिंगोली,
दि. २८ नोव्हेंबर २०२४

भीमराज,

पाणी आले.

सहा तारखेला छिद्रे पाडली. दोन दिवस काहीच आले नाही. नंतर भेगा मोकळ्या करण्यासाठी अॅसिड दिले आणि खारे पाणी येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यात तेलाचा तवंग होता, असे अनुश्री म्हणाली. दुसऱ्या दिवशी तोही राहिला नाही. सहा दिवस वाट पाहून त्यांनी विहीर सिमेंटने बुजविली. उरलेल्या चार विहिरींचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. "ट्रॅपमध्ये व्यापारी प्रमाणात तेल नाही," असा ठराव झाला आहे. म्हणजे १९९१ मध्ये मी लिहिले तेच त्यांनी लिहिले, आणि दोन्ही वेळा खोली माझीच होती.

तुमचे पाकीट मला मिळाले होते.

दहा ऑक्टोबरला वासंतीने ते पोस्टमनकडून घेतले. पाठविणाऱ्याचे नाव वाचून ती स्वयंपाकघरातून आनंदाने ओरडत आली, "अहो, भीमराजचं आलंय हो! काय लिहिलंय?" मी पाकीट फोडले, वाचले आणि म्हणालो, "मुलीच्या लग्नाची पत्रिका आहे." ती म्हणाली, "मग आहेर काय करायचा?" साडी घेऊ या, असे मी म्हणालो. तिने साडी आणून ठेवली आहे. एकावन्न वर्षांच्या संसारात मी तिच्याशी खोटे बोललो, ते एवढ्यासाठी.

पाकिटात डायरीच्या पानाची छायाप्रत होती आणि चिठ्ठीवर चार ओळी : "साहेब, करुणाचं मनावर घेऊ नका. कागद नको. खोली बराबर द्या, वरचे चार मीटर. खाली पाणी जवळ आहे."

पान मी तोंडपाठ म्हणून दाखवू शकतो. १८०८ वर कोअर सुरू, लगेच हिसका, चिखल गळू लागला. १८१२ नंतर गळती थांबली, खडक कठीण. शेवटी तुमची ती नोंद : नळी खालच्या टोकाने रिकामी होते म्हणून सर्वांत खालचा खडक आधी बाहेर येतो, तुकडे सर्वांत शेवटी पडले, म्हणजे ते सर्वांत वरचे. एवढे सरळ आहे. तेथे उभा राहून पाहणाऱ्याला नियमाची गरजच नव्हती. कोठे होता हे कळत नसेल, तर तळाशी धरावा, असा तो नियम आहे. तुम्हांला कळत होते. तुम्ही मला कळविलेही होते. मला ते कळून घ्यावयाचे नव्हते.

ती पिशवी मी उघडली होती, हे तुम्हांला ठाऊक नाही. छावणीत कोणी नसताना मी ते तुकडे दिव्याखाली धरले. अतिनील प्रकाशात भेगांच्या कडा पिवळ्या उजळल्या. तेल होते. त्याच आठवड्यात मी वरिष्ठांसमोर ट्रॅप निरुपयोगी असल्याचे सांगून आलो होतो. मी पिशवी बांधली आणि छावणीमागच्या खड्ड्यात टाकून दिली. तुमच्या टिपणातील 'भग्न' हा शब्द ठेवला, कारण तो पुढेमागे उपयोगी पडला असता. त्यापुढे 'तळाकडील' लिहिले, म्हणजे तो नियमात बसेल. तुम्ही मुख्यालयास तक्रार केली, तेव्हा तुमच्या गोपनीय अहवालात "निरीक्षणात शिस्त नाही" असे मीच लिहिले. त्यावर कार्यालयात राखीव जागांविषयी जे बोलले गेले, ते मी बोललो नाही. मी समोर बसून चहा पीत होतो.

सोळा ऑक्टोबरला सकाळी टेबलावर दोन कागद होते, एकावर तुमची खोली आणि एकावर माझी. तुमची पाठविली असती, तर पहिला प्रश्न आला असता : मग अहवालात ते चार मीटर तळाशी का? त्याला मजपाशी खोट्याशिवाय उत्तर नव्हते. कदाचित भेगा खालीही असतील, असे मी स्वतःस सांगितले. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतःस सांगावयाची ती गोष्ट नव्हे.

क्षमा मागत नाही. ती मागण्याजोगे वाक्य मला रचता आलेले नाही.

मार्तंड


हिंगोली,
दि. १३ जानेवारी २०२५

भीमराज,

करुणाबाईंनी मागितलेला कागद सोबत आहे. तीन प्रती केल्या. एक कंपनीच्या मुख्यालयास रजिस्टरने, एक अनुश्रीस, एक तुम्हांस. तो आठवा मसुदा नव्हे. एका बैठकीत लिहिला. खाडाखोड आहे, ती तशीच राहू दिली. पिशवी, दिवा, गोपनीय अहवाल, दहा ऑक्टोबरचे पाकीट, सर्व आहे. वासंतीस तो आधी वाचून दाखविला. तिने ऐकून घेतले, साडी कपाटातून काढून शेजारणीस देऊन टाकली आणि तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते.

कंपनीचे उत्तर शनिवारी आले. अडीच ओळींचे आहे. पत्र मिळाले, ते विहीर क्रमांक ३१ च्या फायलीस जोडण्यात आले, सदर विहीर बुजविण्यात आल्यामुळे पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही. त्यांचे खरे आहे. बुजविलेल्या विहिरीत पुन्हा उतरता येत नाही, नव्या विहिरीस कोणी आता पैसा देणार नाही, आणि बंद फाईल उघडणारी तेथे एकच मुलगी होती.

तुमचे तेल तेथेच आहे, १८०८ ते १८१२. ही माहिती आता तुम्हांस, मला, अनुश्रीस आणि एका फायलीस आहे.

मार्तंड


हिंगोली,
दि. २ फेब्रुवारी २०२५

भीमराज,

काल दुपारी ज्योतीचा फोन आला. ती म्हणाली, "काका, बाबा म्हणून राहिले की त्या मॅडमचा पत्ता द्या. डायरी तिला पाठवायची म्हणतात. म्हणतात, पोरगी शिकलेली हाय, तिच्याजवळ असू द्या, कदी ना कदी कामाला येईल." मी विचारले, "बाबा स्वतः बोलतील का?" "न्हाई, काका. पत्ता तेवढा द्या."

मी उद्या कळवितो म्हणालो, म्हणून हे लिहीत आहे.

अनुश्रीने एकतीस डिसेंबरला राजीनामा दिला. पाणी आल्यानंतर झालेल्या बैठकीत, ट्रॅपची कल्पना कोणाची, असा प्रश्न निघाला तेव्हा सारे तिच्याकडे पाहू लागले, असे तिच्या एका सहकाऱ्याने मला सांगितले. माझे पत्र तिला कार्यालयाच्या पत्त्यावर गेले होते. ते कोणीतरी तिच्या घरी पोहोचविले असावे, कारण वीस जानेवारीला तिचा फोन आला. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही.

"सर, खरी खोली तुमच्याजवळ होती?"

"होती."

"कधीपासून?"

"दहा ऑक्टोबरपासून."

"मी तुम्हांला पंधरा तारखेला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, निश्चिंत राहा."

"हो."

तिने फोन ठेवला. तेव्हापासून तो क्रमांक लागत नाही. तिच्या जुन्या सहकाऱ्यास काल पुन्हा विचारले. तो म्हणाला, ती गाव सोडून गेली. कोठे ते तिने कोणासही सांगू नये म्हटले आहे, आणि तुम्हांला तर मुळीच नाही, सर. कंपनीस विचारले, माजी कर्मचाऱ्यांचे पत्ते ते देत नाहीत.

एवढ्या वर्षांत तुम्ही स्वतःहून माझ्याकडे काही मागितले, ते हे पहिलेच. ते मला देता येत नाही. डायरी पेटीत असू द्या. कोणी विचारीत आला आणि त्याने माझे नाव सांगितले, तर त्यास देऊ नका.

मार्तंड उमरीकर